दीड फुटाचा दर्या

कैसरबागेतून सकाळी फिरावयास जाणाऱ्या माणसाला मासे पाहावेच लागतात, मग त्याला माशांची आवड असो वा नसो. कमानींच्या खांद्यांवर, दरवाजांच्या माथ्यांवर, जुन्या इमारतींच्या चौकटींवर चुन्यात घडविलेले, अंग वळवून शेपट्या उंचावलेले आणि परस्परांसमोर ठाकलेले हे मत्स्ययुग्म अवधच्या नवाबांचे राजचिन्ह होते, आणि उत्तर प्रदेश शासनाच्या मुद्रेवर ते आजही विराजमान आहे. सआदतखान बुऱ्हान-उल-मुल्क १७२२ मध्ये अवधची सुभेदारी घेऊन येत असता, नदी ओलांडताना एक मासा उसळून त्याच्या मांडीवर पडला आणि त्याने तो शुभशकुन मानला, अशी कथा इथले लोक मोठ्या गोडीने सांगतात. कथा काही असो, माशाचा मान दिल्लीच्या बादशाहीतून आलेला आहे. माही-मरातब हा बादशहाने द्यावयाचा बहुमान होता, आणि महादजी शिंद्यांनी १७९२ मध्ये पुण्यास येऊन सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीच्या वस्त्रांसमवेत जो बादशाही सरंजाम समारंभपूर्वक अर्पण केला त्यात नालकी-पालखीबरोबर तोही होता. तेव्हा लखनौच्या दरवाजावरचा मासा मराठी माणसाला अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

या चुन्याच्या माशांचे मला कौतुक वाटते ते एका निराळ्याच कारणासाठी. वाजिद अली शाहने १८५०च्या सुमारास कैसरबाग पुरी केली तेव्हापासून पाऊस, ऊन, सत्तावनचा तोफखाना आणि नगरपालिकेची रंगरंगोटी सोसत हे दोन जीव एका वीतभर जागेत समोरासमोर उभे आहेत, आणि त्यांपैकी एकानेही दुसऱ्याचा पर कुरतडलेला नाही. ही जोडी जमविणाऱ्या कारागिराला पुढची चिंता नव्हती. ती मला आहे. माझ्या बैठकीत दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकीच उंच अशी एक काचेची टाकी आहे. तिच्यात चाळीस लिटर खारे पाणी मावते. आणि त्या पाण्यात कोणी कोणाबरोबर राहावे याचा निर्णय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. टाकी मुळात भाच्याची. त्याची बदली बंगळूरला झाली, सामान ट्रकमध्ये चढले, आणि ‘मामा, ही तेवढी तुमच्याकडे राहू द्या’ असे म्हणून तो एक समुद्र माझ्या ओटीत टाकून निघून गेला.

लखनौला समुद्र म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर दूरची गोष्ट. इथे तो पिशवीतून येतो. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे गाळलेले पाणी घ्यावयाचे, लिटराला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने खास मत्स्यपालनासाठी मिळणारे मीठ त्यात विरघळवावयाचे, बादलीत रात्रभर ते पंपाने घुसळत ठेवावयाचे, की सकाळी बंगालचा उपसागर तयार. हे मीठ आपले जेवणातले मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार समुद्राच्या प्रमाणात मिसळलेले असतात. मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा, या समुद्रातून दररोज थोडे पाणी उडून जाते, पण मीठ मागेच राहते. म्हणून एक लिटर आटले की खारटपणा अडीच टक्क्यांनी वाढतो आणि त्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी लागते. खऱ्या समुद्राला एका लिटराचे सुतक नसते. लहान भांड्यात मात्र प्रत्येक गोष्टीचा हिशेब ताबडतोब चुकता करावा लागतो: एक शंखातली गोगलगाय कोपऱ्यात मरून पडली, किंवा चिमूटभर अन्न जास्त पडले, तर त्याचा अमोनिया होऊन संध्याकाळपर्यंत साऱ्या प्रजेवर संकट येते. टाकी नवी असताना महिना-दीड महिना ती ओसाड ठेवावी लागते, त्याचे कारणही हेच. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे अदृश्य जिवाणू दगडांवर आणि वाळूत रुजल्याशिवाय दृश्य प्राण्यांना आवतण देणे हा खून आहे.

अशा भांड्यात कोणाला ठेवावे हा प्रश्न भांड्याइतकाच जुना आहे. १८५०च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या पात्रात सोनमासे आणि पाणगवत ठेवले. गवत प्राणवायू देईल, मासे तो घेतील, आणि व्यवहार पुरा होईल अशी त्याची अटकळ होती. पण गवताची पाने कुजू लागली आणि पाणी नासू लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, अंडी घातली, आणि ती अंडी व पिले माशांनी खाल्ली. मला या तिसऱ्या भिडूचे अगत्य वाटते. दोघांचा संसार धड चालावा म्हणून ज्याला बोलावले, त्याची संतती त्या दोघांपैकी एकाचा आहार ठरली, आणि तरीही रसायनशास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद ‘समतोल’ अशी झाली. त्याच सुमारास अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळजीव लंडनला आणून घरात जगविले होते. तिथे पंप नव्हता, वीज नव्हती; उघड्या खिडकीपुढे उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे होते. मत्स्यालयाच्या इतिहासात बाईंचे नाव आहे. मोलकरणीचे मी पुष्कळ शोधले.

प्रवाळाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या देशात निवडीचे अर्धे काम सरकारने आधीच करून ठेवले आहे. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये दाखल करण्यात आले; मोठे शिंपलेही संरक्षित आहेत; त्यांना घरात ठेवणे म्हणजे, कायद्याच्या लेखी, हरीण बांधून ठेवण्याच्या जातीचा गुन्हा. परदेशी पुस्तकांतल्या गुलाबी-जांभळ्या चित्रांवर जीव जडलेल्या तरुणांना ही मनाई जाचक वाटते. मला ती मानवते. कोकणात ओहोटीच्या वेळी खडपांवरून हिंडताना डबक्याडबक्यांतून जे दिसत असे, ते तिथेच ठेवून घरी यावयाचे ही शिस्त आमच्या पिढीला कायद्यावाचूनच लागली होती. शिवाय आईच्या हातात शिरपुट असे.

उरलेल्या अर्ध्या निवडीसाठी मी या शहराच्या विद्येला शरण गेलो आहे. लखनौच्या अदबीचे ठरीव किस्से मी इथे उगाळणार नाही. ते ऐकून इथल्या लोकांनाही आताशा कंटाळा येतो. पण या शहराची एक जुनी विद्या अशी आहे की जिचा माझ्या टाकीशी फार जवळचा संबंध पोहोचतो, आणि ती म्हणजे झुंज. गाजीउद्दीन हैदराच्या कारकिर्दीत गोमतीच्या पैलतीरी वाघ, हत्ती, गेंडे यांच्या झुंजी लावल्या जात आणि अलीकडच्या तीरावरील महालात बसून दरबार त्या पाही. दौलत आटली तशी श्वापदे लहान होत गेली, आणि अखेर बटेरांच्या झुंजीवर शहराचा जीव स्थिरावला, कारण ती बैठकीत गादीवर बसून पाहता येते. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौच्या वर्णनात या शौकांवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. वाजिद अली शाहाला कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला ठेवण्यात आले तेव्हा तिथेही त्याने जनावरांचा केवढा संग्रह उभारला, तेही ते सांगतात: गुळगुळीत भिंतींच्या हौदात उभारलेला कृत्रिम डोंगर, त्यावर शेकडो साप, आणि सापांसाठी बेडूक. राज्य गेलेल्या माणसाने एक छोटे राज्य वसविले आणि त्यात भक्ष्य कोण, भक्षक कोण, याची व्यवस्था मात्र पूर्वीसारखीच ठेवली.

आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. सारा मोहल्ला त्यांना बड़े अब्बा म्हणतो. तरुणपणी त्यांच्या वडिलांच्या हाताखाली त्यांनी बटेर पाळले. नख्खासच्या पक्षीबाजारात आजही ते गेले की दुकानदार मोढा पुढे करतात. माझी टाकी पाहावयास ते प्रथम आले तेव्हा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, “साहब, लड़ाने के लिए भी जोड़ देखना पड़ता है, न लड़ाने के लिए भी। इल्म एक ही है।” मी विचारले, तो इल्म कोणता? तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याचा मतलब असा की पक्षी स्वभावाने भांडखोर नसतो. त्याला मागे सरकावयास जागा आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. जागा ठेवलीत तर हरणारा निघून जातो आणि तमाशा संपतो. म्हणून झुंजीची जागा आखूडच असावी लागते.

हे ऐकल्यापासून मी दुकानातल्या तक्त्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. प्रत्येक माशापुढे तिथे ‘शांत’, ‘मध्यम’, ‘आक्रमक’ असे लिहिलेले असते, जणू तो त्याच्या जन्मपत्रिकेतला शेरा आहे. पण नखाएवढा निळा डॅम्सेल, जो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चिवट म्हणून नवख्याच्या गळ्यात बांधला जातो, तो समुद्रातल्या खडकावर शेकडो सोबत्यांमध्ये आपली एक ओंजळभर हद्द राखून सुखाने नांदत असतो. शेजाऱ्याला त्याने हाकलले तर शेजारी हातभर दूर जातो, आणि तंटा तिथेच मिटतो. दीड फुटाच्या काचेत तो हातभर कोठून आणावयाचा? तिथे हाकललेला मासा कोपऱ्यापर्यंत जातो, काचेला नाक लावतो, आणि पाठलाग करणाऱ्याला वाटते की हा अजून माझ्याच हद्दीत उभा आहे. सहा पट्ट्यांचा देखणा रास मासा असाच कीर्तिमान गुंड ठरला आहे. मँडरिन नावाच्या नक्षीदार माशाचे दैव उलटे: तो कोणाला शिवत नाही, पण दिवसभर दगडांवरचे अतिसूक्ष्म जीव टिपत हिंडणे हाच त्याचा आहार असल्यामुळे लहान टाकीत तो सर्वांशी सलोख्याने वागत उपाशी मरतो. शंखात राहणारे खेकडे गरीब दिसतात. मात्र त्यांना वाढत्या अंगाचे रिकामे शंख पुरविले नाहीत तर ते गोगलगायीला काढून तिच्या घरात बिऱ्हाड करतात.

शिवाय क्रमाचा प्रश्न आहे. जो आधी येतो त्याला वहिवाटीचा हक्क लागू होतो. म्हणून सर्वांत भित्र्याला प्रथम सोडावे आणि दांडग्याला अखेरीस, असा या व्यवसायातला शिरस्ता आहे. क्रम चुकला तर तेच प्राणी, तीच टाकी, आणि तरीही रोज सकाळी एक पर फाटलेला. कधी कधी जाणते लोक सगळे दगड उचलून नव्याने रचतात, जेणेकरून सर्वांच्याच सनदा एकदम रद्द व्हाव्यात आणि नव्या पाहुण्याबरोबर जुन्यांनाही पहिल्यापासून जमाबंदी करावी लागावी. मुलकी खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा उपाय चांगलाच कळतो.

घरी येणाऱ्या मुलांचा आग्रह एकच असतो: नीमो आणा. २००३च्या त्या चित्रपटाने नारिंगी-पांढऱ्या क्लाऊन माशाला घराघरांत पोहोचविले आहे, आणि पाळीव पैदाशीतला तो मासा खरोखरच सोशीक असतो. पण चित्रपटात न सांगितलेली त्याची कौटुंबिक व्यवस्था अशी की समूहात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, आणि बाकीचे सारे उमेदवार. मादी मेली तर नराची मादी होते आणि उमेदवारांतला पहिला नर होतो. बापाने पोराच्या शोधात समुद्र पालथा घालण्याऐवजी खरे तर त्याची आई होऊन बसावयास हवे होते. हे मी शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला सांगितले तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तो फिर उसका नाम बदलेगा क्या?”

आजमितीस टाकीत जे राहतात त्यांच्यात बघण्यासारखे बिऱ्हाड एकच आहे. तळाच्या वाळूत, एका चपट्या दगडाखाली, एक गोबी मासा आणि एक पिस्तूल कोळंबी एकत्र राहतात. कोळंबी घर खणते. दोन्ही नांग्या पुढे धरून ती वाळूचा ढीग ढकलीत दाराशी आणते, टाकते, माघारी फिरते, आणि पुन्हा तेच. एखादा शंखाचा तुकडा सापडला तर तो उचलून दाराच्या चौकटीला टेकू देते. रात्री छत ढासळले तर सकाळी कुरकुर न करता पुन्हा कामाला लागते. तिला फारसे दिसत नाही. बाहेर पडताना तिची एक लांब मिशी माशाच्या शेपटीवर टेकलेली असते, आणि मासा दाराशी डोळे वटारून बसलेला असतो. माझा हात काचेजवळ गेला की त्याची शेपटी किंचित थरथरते, इतकी किंचित की प्रथम मला ती पाण्याची हालचाल वाटली. कोळंबी त्या क्षणी वाळूसकट आत. धोका अधिक असेल तर मासाही तोंड खाली करून तिच्या मागोमाग. माशाला घर खणता येत नाही, कोळंबीला पहारा देता येत नाही. त्यांना एकमेकांविषयी जिव्हाळा आहे की नाही हे कळण्यास मार्ग नाही, आणि तो असण्याची गरजही दिसत नाही. ही आंधळी गवंडीण भित्री असेल असे मात्र समजू नये. तिची एक नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा निर्माण होऊन फुटतो. रात्री निजानीज झाल्यावर त्याचा टक् असा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या यंत्रांना या जातीच्या गलबल्याने सळो की पळो केले होते, आणि तो बुडबुडा फुटताना क्षणमात्र प्रकाशही चमकतो, हे शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले. एवढे शस्त्र जवळ बाळगून ती शेजाऱ्याच्या शेपटीवर मिशी ठेवून चालते.

समुद्रापासून इतक्या दूर बसून कोळंब्यांचा विचार करणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती. पण राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था याच शहरात दिलकुशाकडे आहे. १९८३ मध्ये ती अलाहाबादेस स्थापन झाली आणि पुढे इथे आली. तिच्या आवारातल्या मत्स्यालयाला गंगेचे नाव आहे. याच संस्थेने अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर, शोभेच्या कोळंब्यांची पैदास चालविली आणि बेटावरच्या बायकांना त्या वाढविण्याचे शिक्षण दिले. समुद्रातून पकडून आणण्याऐवजी घराजवळच्या टाकीत वाढविलेल्या त्या चिमुकल्या कोळंब्या, शेपटी वर करून डुलत चालणाऱ्या, लहानशा टाकीला साजेशा म्हणून विकल्या जाव्यात, असा त्यामागचा हेतू. त्या बेटावरच्या एखाद्या बाईने आपल्या टाकीतले जीव मोजून पिशवीत भरावेत आणि त्यांचा सरकारी कागद लखनौच्या कचेरीत फायलीला लागावा, या कल्पनेने मला उगाचच आनंद होतो.

दुकानदाराचा माल थंडी सुरू झाली की येतो. उन्हाळ्यात रेल्वेच्या प्रवासात पिशव्यांतले पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही, म्हणून समजूतदार लोक त्या दिवसांत मागणी नोंदवीत नाहीत. परवा त्याने यादी मागितली. टाकीच्या मधल्या पाण्यात, वाळूपासून वर आणि पृष्ठभागापासून खाली, बरीच जागा रिकामी आहे. पाहुण्यांना ती खुपते, आणि खरे सांगावयाचे तर कधी कधी मलाही. मी कागद घेऊन बसलो. रॉयल ग्रामा: जांभळा-पिवळा, देखणा, पण गुहेवर हक्क सांगणारा, आणि गुहा एकच. फायरफिश: अत्यंत सालस, परंतु दचकला की उडी मारून टाकीबाहेर, झाकण जाळीचे करावे लागेल. पट्टेदार बॉक्सर कोळंबी: नाव खोडले. अगत्तीच्या त्या डुलणाऱ्या कोळंब्या: इथे मिळतील की नाही, विचारावयाचे. एक क्लाऊन, मुलांसाठी: प्रश्नचिन्ह.

बड़े अब्बांनी चष्मा लावून यादी वाचून घेतली, मधल्या रिकाम्या पाण्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “इन दोनों से पूछा?” घरात मात्र मत असे पडले की टाकी आहे तशीच राहू द्यावी, आणि तो पैसा बैठकीतल्या पंख्याला लावावा, कारण तो गेले कित्येक महिने टाकीच्या पंपापेक्षा मोठ्याने कुरकुरतो आहे. दुकानदाराचा माणूस रविवारी उत्तर न्यावयास येणार आहे.